टाच, घोटा, चवडा दुखतोय? पॉडियाट्रिस्टकडे जायच्या आधी हे वाचा

सकाळी उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ आली, माझं सगळं तिथून सुरू झालं. आठ महिने मी ते अंगावर काढलं, कारण पाच-दहा मिनिटं चाललं की दुखणं कमी व्हायचं, वाटायचं झालं बरं, आणि संध्याकाळी परत तेच. शेवटी पॉडियाट्रिस्टकडे गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "नेमकं कुठे दुखतं, एका बोटाने दाखवा", आणि मी आख्ख्या तळव्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "दिवसात कधी जास्त दुखतं?" तर त्यालाही माझं उत्तर "तसं दिवसभरच". कुठे आणि कधी, या दोन प्रश्नांच्या उत्तरावरच पायाचं निम्मं निदान ठरतं हे मला तिथे बसल्यावर कळलं, आणि ही उत्तरं घरी बसून, एक पैसा न खर्च करता काढता येतात. म्हणून पहिल्यांदाच पायाच्या दुखण्यात पडलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

पॉडियाट्रिस्ट म्हणजे नक्की कोण

पाय आणि घोटा एवढाच ज्यांचा विषय असतो ते पॉडियाट्रिस्ट. नख रुतणं, कुरूप, टाचदुखी, डायबेटिसमधली पायाची जखम, चालण्यातला दोष, सगळं ते बघतात. देशानुसार त्यांचं शिक्षण आणि अधिकार बदलतात. अमेरिकेत चार वर्षांचं डी.पी.एम.चं (पायाच्या डॉक्टरकीच्या पदवीचं) शिक्षण आणि त्यावर तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, असते आणि ते पायाची ऑपरेशनं पण करतात. ब्रिटनमध्ये पॉडियाट्रिस्ट आणि किरोपोडिस्ट ही एकाच कामाची दोन नावं आहेत, आणि नोंदणी असल्याशिवाय ती कुणाला लावता येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी हा वेगळा पेशाच नाही, तिथे टाच, घोटा, हाडं यासाठी हाडांचे डॉक्टर, त्यातही फूट अँड अँकल बघणारे मिळाले तर उत्तम, कातडी-नखांसाठी स्किनचे डॉक्टर आणि डायबेटिस असेल तर डायबेटिक फूट क्लिनिक शोधायचं. व्यायामाचा भाग फिजिओथेरपिस्ट छान करून घेतात. नाव काहीही असो, खाली जे सांगतेय ते सगळीकडे लागू पडतं.

आणि "पाय दुखतो" एवढं सांगून भागत का नाही तेही सांगते. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, दोन्ही पावलं धरली तर ५२ हाडं, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी पाव हिस्सा इथेच. दुखरी जागा दाखवणारं बोट दोन सेंटिमीटर इकडचं तिकडे झालं तर आजारच बदलतो.

पायरी १: आधी बघा, थांबायला वेळ आहे की नाही

घरगुती उपाय, वाट बघणं, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट हे सगळं नंतर. आधी खालच्यापैकी काही नाही ना, याची खात्री करा.

पाय मुरगळला आणि त्यानंतर चार पावलंही टाकता येत नाहीयेत, किंवा घोटा वाकडा दिसतोय. धावताना किंवा उडी मारताना टाचेच्या मागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, "फट्" असा आवाज आला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, ही टाचेची मोठी दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटल्याची लक्षणं आहेत. एकच पाय अचानक गार, पांढरट किंवा निळसर पडला. लाली वर वर चढतेय आणि ताप आलाय. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखतेय, तर ती रक्ताची गाठ असू शकते, आणि त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी गाठा. डायबेटिस असणाऱ्यांचं खाली वेगळं लिहिलंय, पण एवढं इथेच सांगते की पायावर कुठलीही जखम, किंवा पाय लाल-गरम-सुजलेला, मग तो दुखत नसला तरी, म्हणजे आजच्या आज दाखवायचं.

यातलं काहीच नसेल तर तुमच्याकडे दोन-चार दिवस निरीक्षण करायला वेळ आहे.

पायरी २: बोट ठेवा, खूण करा, लिहून ठेवा

खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि अंगठ्याने हळूहळू दाबत जा. टाचेच्या मधोमध, मग टाचेची आतली कड, मग कमान, मग चवडा, मग एकेका बोटाच्या मधली जागा, वरच्या बाजूने पण. जिथे "आई गं" निघेल तिथे बॉलपेनने फुली मारा आणि मोबाईलवर फोटो काढा. दुसऱ्या दिवशी परत करा. मी हे केलं तेव्हा माझी फुली दोन्ही दिवशी एकाच जागी पडली, टाचेच्या तळाला, आतल्या कडेकडे, नखाएवढ्या जागेत. आठ महिने मला वाटत होतं आख्खा तळवा दुखतोय, आणि दुखत होती ती एवढीशी जागा.

मग तीन-चार दिवस फोनमध्येच टिपत राहा. सकाळच्या पहिल्या पावलाला दुखतं का, चालून कमी होतं की वाढतं, रात्री झोपेतून उठवतं का, कुठले बूट घातल्यावर जास्त होतं, ठणका आहे की जळजळ आहे की मुंग्या आहेत, आणि दुखणं सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात काय बदललं, म्हणजे नवीन बूट, चालणं वाढवलं, वजन वाढलं, उभ्याने करायचं काम आलं, नवीन औषध सुरू झालं. हा शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात. नका सोडू, उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

पायरी ३: तुमची खूण कुठे पडली ते बघा

हे वाचून स्वतःचं निदान पक्कं करायचं नाहीये. डॉक्टर काय विचारतील आणि का विचारतील, हे कळावं म्हणून सांगतेय.

टाचेचा तळ. सगळ्यात जास्त आढळणारं दुखणं हेच, नाव प्लांटार फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा जातो, धनुष्याला दोरी असते तसा, तो पायाची कमान धरून ठेवतो. त्याच्यावर ताण येत राहिला की टाचेला जिथे तो चिकटतो तिथे दुखतं. रात्रभर पाऊल सैल पडून राहतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो म्हणून ती जीवघेणी कळ येते. आखडलेली पोटरी, वाढलेलं वजन, कडक जमिनीवर तासन्‌तास उभं राहणं आणि सपाट पातळ तळाच्या चपला ही नेहमीची कारणं.

उपाय साधा आहे पण चिकाटी मागतो. पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने ओढा, दुसऱ्या हाताने तळव्यावर तो पट्टा तारेसारखा ताठ झालेला लागला पाहिजे. दहा सेकंद धरा, दहा वेळा करा, दिवसातून तीनदा, आणि त्यातली पहिली वेळ अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आधीची. त्याच्या जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचं स्ट्रेचिंग. घरात पण अनवाणी चालू नका, टाचेला गादी असलेली चप्पल घाला. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून तिच्यावरून तळवा फिरवला की बराच आराम पडतो. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय जातं, पण सहा महिने ते वर्ष लागू शकतं हे आधीच माहीत असलं तर दुसऱ्या आठवड्यात धीर सुटत नाही.

इथे दोन गोष्टी जरा ठासून सांगते. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की लोक घाबरतात, पण असं वाढलेलं हाड अजिबात टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत पण असतं, ते काढून टाकलं म्हणजे दुखणं गेलं असं नाही. आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन. त्याने लवकर बरं वाटतं, पण काही आठवड्यांनी परिणाम ओसरू शकतो, आणि त्यात पट्टा तुटायचा किंवा टाचेखालची चरबीची गादी पातळ व्हायचा धोका असतो. घेऊच नका असं म्हणत नाहीये, पण पहिल्याच भेटीत कुणी सुई काढली तर "आधी स्ट्रेचिंग आणि इन्सोल (बुटात घालायची गादी) करून बघू का" हे जरूर विचारा.

सगळी टाचदुखी हीच नसते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबल्यावर कळ आली आणि अलीकडे चालणं-धावणं वाढवलं असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. जळजळ-मुंग्या असतील तर शीर, म्हणजे संवेदना नेणारी नर्व्ह, दबलेली असू शकते. तरुण वयात दोन्ही टाचा महिनोन्‌महिने दुखतायत आणि सकाळी कंबरही आखडते, तर संधिवाताच्या प्रकाराची तपासणी लागते. आणि ८ ते १४ वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच मागून दुखत असेल तर ते वाढत्या हाडाचं दुखणं असतं, खेळ थोडा कमी केला की वाढ पूर्ण होईपर्यंत निभावून जातं.

टाचेची मागची बाजू. इथे अकिलीस टेंडन. सकाळी ताठर वाटतं, जिना उतरताना किंवा धावायला सुरुवात केल्यावर दुखतं, कधी मध्ये गाठीसारखं जाड लागतं. पूर्ण आराम केला की बरं वाटतं आणि परत सुरू केलं की परत दुखतं, कारण या दोरीला ताकद लागते, नुसती विश्रांती नाही. १९९८ साली स्वीडनच्या अल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी एक व्यायाम मांडला तो आजही शिकवतात: पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहायचं, टाच हळूहळू खाली सोडायची, १५ वेळा, असे तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. मात्र दुखणं अगदी टाचेच्या हाडाला जिथे दोरी जोडली जाते तिथे असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक घेताना टाचेमागे दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, त्या औषधांनी ही दोरी कमजोर होऊन तुटू शकते.

घोटा. पाय आतल्या बाजूला मुरगळतो आणि बाहेरच्या घोट्याच्या पुढचा लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा, ताणला जातो किंवा फाटतो, हे नेहमीचं. प्रश्न एकच असतो, एक्स-रे काढायचा का? यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे १९९२ मध्ये नियम ठरवले गेले आणि डॉक्टर ते जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं बाहेर आलेली दिसतात त्यांच्या मागच्या कडेवर, खालून सहा सेंटिमीटरपर्यंत किंवा टोकावर दाबून दुखतंय का? करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमध बाहेरच्या कडेला जे हाड हाताला लागतं तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतंय का? मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासताना, दोन्ही वेळी चार पावलं टाकता येत नाहीत का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर एक्स-रे. लहान मुलं आणि पायाची संवेदना कमी असलेली माणसं यांना या नियमांवर सोडायचं नाही, त्यांना दाखवायचंच.

हाड शाबूत असेल तर पहिले दोन-तीन दिवस पाय उंचावर, इलॅस्टिक बँडेज, दुखणं कमी करायला कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. त्यानंतर मात्र पडून राहायचं नाही, झेपेल तेवढं वजन टाकायला आणि घोटा फिरवायला सुरुवात करायची. आणि जो भाग जवळजवळ सगळेच सोडतात तो म्हणजे तोलाचा व्यायाम. दुखणं उतरलं की दात घासताना एका पायावर उभं राहायचं, तीस सेकंदांपासून सुरू करून, जमलं की डोळे मिटून, पण वॉशबेसिनला हात लागेल अशा अंतरावर. लिगामेंट फाटतो तेव्हा घोटा कसा वळलाय हे मेंदूला कळवणारी जाणीव पण बिघडते, ती परत आणली नाही तर तोच पाय परत मुरगळायची शक्यता वाढते. सहा आठवड्यांनी पण घोटा दुखतोय किंवा सटकल्यासारखा वाटतोय, तर परत दाखवा.

चवडा आणि बोटं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधे बुटात खडा गेल्यासारखं वाटतं, बूट काढून बघावं तर खडा नाही, आणि बूट काढल्यावरच बरं वाटतं, हे मॉर्टन्स न्यूरोमाचं ठरलेलं वर्णन. तिथली शीर जाड झालेली असते. पुढून रुंद बूट हा पहिला उपाय. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच हाडावर बोट ठेवलं की दुखतंय, सूज आहे आणि चालणं नुकतंच वाढवलंय, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, असू शकतं आणि पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे एकदम नॉर्मल येऊ शकतो, म्हणून रिपोर्ट बघून परत धावायला जाऊ नका.

अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊन अंगठा शेजारच्या बोटावर झुकतो तो बनियन. तो बऱ्याचदा घराण्यातून येतो, निमुळते बूट तो वाढवतात. बोटांत घालायचे स्पेसर दुखणं कमी करतील पण हाड सरळ करत नाहीत, ऑपरेशन दुखण्यासाठी करायचं, दिसण्यासाठी नाही. पण तिथेच रात्रीतून अचानक लालभडक, पांघरूणही सहन होणार नाही इतकं दुखायला लागलं तर गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, मनात आणायचा. दुखणं चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून विषय संपवू नका.

सपाट पाय. मुलांचे पाय पाच-सहा वर्षांपर्यंत सपाट दिसणं साहजिक आहे, दुखत नसेल तर काही करायला लागत नाही. मोठेपणी एकाच पायाची कमान बसत चाललीय, आतल्या घोट्यामागे दुखतंय आणि त्या एका पायावर उभं राहून टाच उचलता येत नाही, तर मात्र लवकर जा. तिथली दोरी कमजोर झालेली असते आणि सुरुवातीला इन्सोल, व्यायाम याने सांभाळता येते.

नखं आणि कातडी. नख रुततं ते बहुतेक वेळा कोपरे गोल, खोल कापल्यामुळे. नख सरळ आडवं कापायचं, कोपरे कातडीच्या वर राहिले पाहिजेत. वारंवार रुतून पू होत असेल तर जागा बधिर करून नखाची फक्त कड काढतात आणि मुळाशी फिनॉल नावाचं रसायन लावतात म्हणजे ती कड परत येत नाही, अर्ध्या तासाचं काम असतं, चालत घरी येता येतं.

कुरूप आणि चामखीळ यात खूप गोंधळ होतो. साधी खूण सांगते. कुरूप सरळ वरून दाबलं की दुखतं आणि ते हाडाच्या उंचवट्यावर असतं. चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, तिच्यावर कातडीच्या रेषा तुटलेल्या दिसतात आणि बारीक काळे ठिपके असतात, ते तिच्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे. चामखीळ व्हायरसने होते आणि मुलांमध्ये पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. कुरूप दाबामुळे होतं, म्हणून नुसतं कापून उपयोग नाही, तो दाब देणारा बूट बदलला नाही तर महिन्या-दोन महिन्यांत परत तिथेच. ब्लेड घेऊन घरी कापू नका, आणि डायबेटिस असेल तर कुरुपाच्या औषधी पट्ट्या पण नकोत, त्यातलं ॲसिड चांगली कातडी पण जाळतं.

शेवटच्या दोन बोटांमधे पांढरी ओलसर कातडी, खाज, भेगा म्हणजे बहुतेक फंगस. मलम बरं वाटल्यावर लगेच बंद करू नका, सांगितलेले दिवस पूर्ण करा, आणि अंघोळीनंतर प्रत्येक फटीतून टॉवेलचं टोक फिरवून कोरडं करा. नख जाड-पिवळं झालं म्हणजे फंगसच असं नाही, जवळपास निम्म्यांचं कारण वेगळं निघतं, म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खायच्या आधी नखाचा तुकडा तपासायला द्या. अंगठ्याचं नख पूर्ण नवीन यायला १२ ते १८ महिने लागतात, त्यामुळे औषध लागू पडलं तरी नख लगेच सुंदर दिसणार नाही. टाचेच्या भेगांना युरिया असलेलं क्रीम रोज रात्री, वर मोजे, बास.

डायबेटिस असेल तर हे आधी वाचा

माझ्या आईचं सांगते. संध्याकाळी तिने बूट काढला तर मोज्याला रुपयाएवढा डाग होता. बुटात शर्टाचं तुटलेलं बटण होतं आणि दिवसभर ती त्याच्यावर चालत होती. दुखलंच नव्हतं. मला आधी वाटलं बरं झालं, त्रास नाही झाला, आणि मग लक्षात आलं की भीती त्याचीच आहे. साखर बरीच वर्षं जास्त राहिली की पायाच्या संवेदना नेणाऱ्या शिरा बधिर होतात, रक्तपुरवठा पण कमी होतो, म्हणजे जखम कळत नाही आणि कळली तरी लवकर भरत नाही.

म्हणून आता तिचा रोजचा नेम आहे. रात्री तळव्याखाली आरसा धरून दोन्ही पाय बघायचे, बोटांच्या फटी पण. नजर कमी असेल तर घरातल्या कुणी बघायचं. बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचा आणि आत हात घालून फिरवायचा. पाणी किती गरम आहे ते पायाने नाही, कोपराने बघायचं. घरातही अनवाणी नाही. क्रीम तळव्याला लावायचं, बोटांच्या मधे नाही. आणि काही दुखत नसलं तरी वर्षातून एकदा तरी पायाची तपासणी, बधिरपणा असेल तर आणखी लवकर लवकर.

एक पाय गरम, लाल, सुजलेला पण दुखत फारसा नाही, हे शार्को फूट असू शकतं. त्यात पायाची हाडं आतल्या आत मोडत जातात आणि माणूस त्याच्यावर चालत राहतो. असं दिसलं तर त्या पायावरचं वजन लगेच बंद करून त्याच दिवशी डॉक्टर.

पायरी ४: अपॉइंटमेंटला जाताना

सोबत न्यायचं ते: रोज वापरता ते बूट-चपला, नवे कोरे नाहीत तर झिजलेले, कारण तळ कुठे झिजलाय त्यावरून वजन कुठे पडतं ते दिसतं. सगळ्या औषधांची यादी, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते ठळक. जुने एक्स-रे, साखरेचे रिपोर्ट, आणि आपली फुल्यांची फोटो-नोंद. पँट गुडघ्यापर्यंत वर जाईल अशी घाला. नेलपॉलिश काढून जा, नखाचा रंग बघायचा असतो. जायच्या दिवशी पाय घासून, भेगा तासून चकाचक करू नका, आहेत तसे दाखवा, त्यांनी रोज याहून वाईट पाय बघितलेले असतात, लाज वाटायचं काही कारण नाही.

खोलीत काय होतं तेही सांगते म्हणजे दडपण येणार नाही. आधी चालायला लावतात, पुढून-मागून बघतात, एका पायावर टाच उचलायला सांगतात. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे बोट ठेवून नाडी बघतात. मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा एक बारीक तंतू, १० ग्रॅमच्या जोराला वाकतो, तो तळव्याला वेगवेगळ्या ठिकाणी टेकवून "कळतंय का" विचारतात, तुमचे डोळे मिटलेले असतात, इथे अंदाजाने हो म्हणू नका. हाडावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवल्यावर थरथरणारा धातूचा चिमटा, ठेवून कंप जाणवतो का ते बघतात. रक्तपुरवठ्याची शंका असेल तर घोट्याचं आणि हाताचं ब्लडप्रेशर मोजून घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागतात, भागाकार ०.९ च्या खाली आला तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शक्यता असते. यातलं काहीच दुखत नाही.

उठायच्या आधी चार प्रश्न विचारा: हे नेमकं काय आहे, किती दिवसांत किती फरक पडायला हवा, मी काय करायचं बंद करू आणि काय चालू ठेवू, आणि कुठलं लक्षण दिसलं तर वेळेआधी परत येऊ.

मापाचे इन्सोल बनवायला सांगितले तर एक लक्षात ठेवा, साध्या टाचदुखीत तयार मिळणारे चांगले इन्सोल बहुतेकांना मापाच्या इतकेच उपयोगी पडतात. मापाचे लागतात ते पायाची ठेवणच वेगळी असेल किंवा बधिर पायावर जखमेचा धोका असेल तेव्हा. तेव्हा आधी तयार वापरून बघू का असं विचारायला हरकत नाही.

पायरी ५: बूट बदला, पण मोजून

कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्याच्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहा, दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. मग रोजचा बूट त्या रेघेवर ठेवा. मी ठेवला तेव्हा करंगळीच्या बाजूला रेघ जवळजवळ बोटभर बुटाच्या बाहेर होती, म्हणजे रोज तेवढं पाऊल मी त्यात दाबून बसवत होते.

खरेदी संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांना घालून उभं राहून बघा, मोठा असेल त्या पायाच्या मापाने घ्या. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाचेमागची वाटी दाबून बघा, ती कडक असली पाहिजे, आणि बूट वाकवला तर बोटांपाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. "वापरून सैल होईल" असं कुणी म्हटलं तर घेऊ नका, पहिल्याच दिवशी आरामात बसला पाहिजे.

पायरी ६: घरी आल्यावर

व्यायामाचा कागद फ्रिजवर लावा आणि केल्यावर खूण करा. दुखणं शून्य झालं का हे रोज बघू नका, दर रविवारी एकदा सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी किती मार्क देता ते लिहा. माझं आठव्या मार्कावरून सहावर यायलाच पाच आठवडे लागले, मग पुढचं भराभर कमी झालं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळपदावर आलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर निम्मं करा, बंद करू नका. आणि सहा ते आठ आठवडे नीट करूनही मार्क हललेच नाहीत, तर तोच कागद घेऊन परत जा आणि सांगा की एवढं केलं, एवढाच फरक पडला, निदान परत एकदा बघाल का. त्या नोंदी समोर ठेवल्या की डॉक्टरांनाही नवीन तपासणी कुठली करायची ते ठरवायला सोपं जातं, आणि तरीही तेच इंजेक्शन, तीच गोळी एवढंच उत्तर मिळालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, फुल्यांचे फोटो तिथेही न्या.